संस्थेच्या क्लस्टरवर काम करताना न लिहिलेले नियम कोणते?

प्रश्न एका नव्या पीएचडी विद्यार्थिनीचा आहे. संस्थेच्या एचपीसी क्लस्टरवर, म्हणजे अनेक संगणक (नोड) जोडून केलेल्या सामायिक मोठ्या यंत्रावर, नुकतंच अकाउंट मिळालंय. लॅबमधल्या सीनियरने स्वतःची जॉब स्क्रिप्ट (कोणतं काम, किती वेळ, किती कोअरवर चालवायचं ते क्लस्टरला सांगणारी फाइल) हातात दिली आणि सांगितलं, ‘यात ४ दिवस आणि ४८ कोअर लिहिलेत, ते बदलू नकोस, चालतं.’ आणि पहिल्याच आठवड्यात अ‍ॅडमिनची तंबी देणारी मेल आली, तीही भलत्याच कारणासाठी: लॉगिन नोडवर, म्हणजे सगळे जिथून आत येतात त्या सामायिक संगणकावर, पायथनची स्क्रिप्ट चालवली म्हणून. तिचं म्हणणं असं की लेखी नियम मी वाचलेत, पण न लिहिलेले कुठे वाचायचे?

मी क्लस्टर दोन्ही बाजूंनी पाहिलाय. आधी जॉब टाकणारा म्हणून, नंतर इतरांचे जॉब का अडकलेत हे शोधत बसणारा म्हणून. दोन्हीकडून एकच गोष्ट दिसते: शेड्युलरला, म्हणजे कुणाचा जॉब कधी आणि कुठे लावायचा ते ठरवणाऱ्या प्रोग्रामला, खरं सांगा. तुम्ही जेवढं मागता आणि जेवढं प्रत्यक्ष वापरता, त्यातल्या फरकाचं बिल शेजाऱ्याच्या नावावर फाटतं, आणि तो शेजारी तुम्हाला दिसत नाही म्हणूनच ते फाडणं सोपं जातं. बाकीचे रीतिरिवाज बहुतेक याच एका गोष्टीतून निघतात.

लॉगिन नोड आधी उरकून टाकू, कारण मेल त्याचीच होती. तिथे एकाच वेळी पन्नास-शंभर लोक असतात. फाइल एडिट करणं, जॉब टाकणं, छोटंसं कंपाइल करणं एवढ्यासाठीच ती जागा. तुमची स्क्रिप्ट ‘फक्त १० मिनिटांची’ असेलही, पण त्या १० मिनिटांत बाकी सगळ्यांचा कर्सर अडखळतो. लोक जाणूनबुजून हे क्वचितच करतात. बहुधा नकळत होतं. व्हीएस कोड रिमोटने जोडलं की त्याचा सर्व्हर लॉगिन नोडवर चालू होतो, तुमचं अख्खं फोल्डर चाळत बसतो आणि लॅपटॉप मिटल्यावरही पुष्कळदा तिथेच राहतो. ‘मेक’ या कंपाइल करणाऱ्या कमांडला ‘-जे’ दिलं आणि पुढे आकडा विसरलात तर तो जमतील तेवढ्या प्रोसेस एकदम सोडतो. ‘-जे ४’ लिहा. आणखी एक लाडकी सवय म्हणजे क्यूचं स्टेटस ‘वॉच’मध्ये टाकून घरी जाणं. ‘वॉच’ दर २ सेकंदांनी तीच कमांड पुन्हा चालवतो, म्हणजे रात्रभर तुम्ही स्लर्म या शेड्युलरच्या मुख्य कंट्रोलरला ‘झाला का, झाला का’ विचारत राहता. ज्याने सगळ्यांचे जॉब लावायचे तोच त्या उत्तरांत गुंततो. त्यापेक्षा जॉब स्क्रिप्टमध्ये मेल पाठवण्याचा पर्याय लिहा, संपला किंवा फेल झाला की मेल येते. एकामागून एक जॉब हवे असतील तर डिपेंडन्सी लावा, म्हणजे आधीचा संपला की पुढचा आपोआप सुरू होतो. अ‍ॅडमिनच्या त्या मेलला ‘समजलं, थांबवलं, पुढे इंटरॲक्टिव्ह जॉब घेईन’ एवढं एका ओळीचं उत्तर पुरतं. असा जॉब म्हणजे लॉगिन नोडऐवजी स्वतंत्र नोड घेऊन तिथे हाताने कमांड चालवणं. लांबलचक माफीनामा नको, आणि दुर्लक्ष तर मुळीच नको.

आता सीनियरच्या ‘४ दिवस’कडे येऊ. खरी गंमत इथे आहे.

आपल्याकडच्या बहुतेक शैक्षणिक क्लस्टरवर, राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशनमधून उभ्या राहिलेल्या यंत्रांवरही, स्लर्म हा शेड्युलर असतो. तो नुसता ‘आधी आला त्याला आधी’ असं चालवत नाही. समजा कुणाचा २० नोडचा मोठा जॉब रांगेत सगळ्यात वर आहे. आत्ता १४ नोड रिकामे आहेत, उरलेले ६ उद्या सकाळी ६ वाजता सुटणार आहेत. मग रात्रभर ते १४ नोड नुसते गरम हवा फेकत बसणार का? नाही. स्लर्म मागच्या रांगेत पाहतो: सकाळी ६च्या आत नक्की संपेल असा एखादा छोटा जॉब आहे का? असेल तर तो मधल्या पोकळीत घुसवतो. याला बॅकफिल म्हणतात. पण ‘नक्की संपेल’ हे त्याला कळणार कसं? तुम्ही लिहिलेल्या वॉलटाइमवरून (जॉबला जास्तीत जास्त किती वेळ द्यायचा तो आकडा), फक्त त्यावरूनच. तुमचा रन खरं तर ७ तासांत संपतो, पण तुम्ही ९६ तास लिहिलेत, तर स्लर्मच्या हिशेबी तो त्या पोकळीत मावत नाही. ९ तास लिहिले असते तर आज रात्रीच लागला असता. म्हणजे सीनियरचा सल्ला शेजाऱ्याला नडतोच, पण आधी तुम्हालाच नडतो. आणि सगळ्यांनीच ४ दिवस लिहिले की पोकळी भरायला कुणीच उरत नाही. नोड रिकामे, रांग लांब, आणि कॅन्टीनमध्ये चर्चा चालते की क्लस्टर फार लहान आहे.

मग किती लिहायचं? आधी एक छोटा रन डीबग क्यूमध्ये, म्हणजे छोट्या चाचण्यांसाठीच्या रांगेत, मारा, १० टक्के पायऱ्यांचा. त्यावरून पूर्ण वेळ काढा आणि वर २०-३० टक्के ठेवा. कमी लिहिलंत तर वॉलटाइम संपताच जॉब मारला जाईल आणि ते सगळे कोअर-तास (कोअर गुणिले तास) वाया जातील. तेही शेजाऱ्याच्या वाट्याचेच. अंदाजच येत नसेल तर चेकपॉइंट लिहायची सोय करा. स्लर्मला सांगता येतं की वेळ संपायच्या १० मिनिटं आधी मला सिग्नल दे. तो सिग्नल पकडून तुमचा प्रोग्राम आपली अवस्था फाइलमध्ये ठेवू शकतो. ज्याचा जॉब कुठूनही पुन्हा सुरू होऊ शकतो त्याला ४ दिवस मागायची गरजच पडत नाही. तो ६-६ तासांचे तुकडे टाकतो, आणि ते बॅकफिलमध्ये भराभर लागतात. मला विचाराल तर क्लस्टरवर शिकायची पहिली गोष्ट समांतर प्रोग्रामिंग नाही, चेकपॉइंट ही आहे.

मेमरीचंही तेच, फक्त नुकसान जास्त लपलेलं. ४८ कोअर आणि १९२ जीबीचा नोड धरा, म्हणजे कोअरमागे ४ जीबी. कुणी १ कोअर आणि १८० जीबी मागितली तर उरलेल्या ४७ कोअरना मिळून १२ जीबी राहते, तीत फारसं काही बसत नाही. अख्खा नोड अडला, आणि लोड बघायला गेलात तर एकच कोअर चालू. जॉब संपल्यावर ‘एस-अकाउंट’ (sacct) कमांडमध्ये मॅक्स-आरएसएस (MaxRSS) बघा, तो प्रत्यक्ष किती मेमरी लागली ते सांगतो. एक बारकावा: हा आकडा ठरावीक अंतराने घेतलेल्या नमुन्यांवरून येतो, मुळात सेटिंग दर ३० सेकंदांचं असतं, त्यामुळे क्षणभर उसळून खाली आलेली मेमरी त्यातून निसटू शकते. म्हणून तंतोतंत तेवढीच मागू नका, थोडा हात राखून मागा. पण ३० जीबीच्या जागी १८० हा हात राखणं नव्हे.

कोअरच्या बाबतीत लोक सगळ्यात जास्त फसतात, कारण जास्त म्हणजे लवकर असं वाटतं. एकच इनपुट १२, २४, ४८, ९६ कोअरवर चालवून बघा. समजा ४८ वर १० तास लागले आणि ९६ वर साडेआठ. दीड तास वाचला हे खरं, पण कोअर-तास ४८० वरून ८१६ झाले. पेपरच्या डेडलाइनला ते चालून जाईल, रोज नाही. दुसरा प्रकार याच्या उलट, आणि पायथनवाल्यांत फार: मागितले ४८ कोअर, चालतोय एक, कारण कोड मुळात सीरियल, म्हणजे एका वेळी एकच काम करणारा, आहे. तिसरा त्याहून विचित्र. ४८ प्रोसेस सोडल्या आणि प्रत्येकीच्या पोटातल्या नमपाय या गणिती लायब्ररीनेही आपापले ४८ थ्रेड काढले. झाले दोन हजारांवर थ्रेड ४८ कोअरवर. स्क्रिप्टमध्ये ‘ओएमपी नम थ्रेड्स’ (OMP_NUM_THREADS) १ करणं एवढाच त्यावर उपाय. जॉब चालू असताना त्या नोडवर ‘टॉप’ लावून एकदा तरी डोळ्यांनी बघावं. सीनियरच्या स्क्रिप्टमधले ४८ कोअर त्याच्या इनपुटसाठी बरोबर असतील, तुमची सिस्टिम त्याच्या दहाव्या हिश्शाची असेल तर नसतील.

एकदम ५०० जॉब टाकायचे असतील तर ५०० वेळा सबमिट करणारं लूप लिहू नका, एकाच स्क्रिप्टने अनेक सारखे जॉब टाकणारा जॉब अ‍ॅरे वापरा. १ ते ५०० च्या पुढे %२० लिहिलं की एका वेळी २०च चालतात. क्यू रिकामी असेल तेव्हा ती मर्यादा वाढवा, ‘एस-कंट्रोल’ (scontrol) कमांडने नंतरही बदलता येते. प्रत्येक तुकडा ३० सेकंदांचा असेल तर ५० तुकडे एका जॉबमध्ये बांधा. एवढ्याशा कामासाठी नोड द्यायचा, सोडवायचा, हिशेब लिहायचा, यातच शेड्युलरचा वेळ जातो.

जीपीयूवर माणसं सगळ्यात लवकर चिडतात, कारण जीपीयू मोजकेच असतात. सकाळी १० वाजता ज्युपिटर नोटबुकसाठी जीपीयू घ्यायचा, दोन सेल चालवायचे, मग सेमिनार, जेवण, चहा. जीपीयूचा वापर दाखवणाऱ्या एनव्हीडिया-एसएमआयमध्ये वापर शून्य टक्के आणि मेमरी मात्र पूर्ण भरलेली दिसते, कारण टेन्सरफ्लो आपणहून जवळजवळ सगळी मेमरी आधीच धरून ठेवतो. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी आणि मग स्टँडवर चहा पीत उभं राहावं, तसा हा प्रकार. कोड लिहिणं, डेटा साफ करणं सीपीयूवर करा, जीपीयू फक्त ट्रेनिंगपुरता, तोही बॅच जॉबने. इंटरॲक्टिव्ह सेशन हवंच असेल तर २ तासांचं घ्या आणि उठताना बंद करा.

आता फाइल सिस्टिम. याबद्दल नव्या लोकांना कुणीच सांगत नाही आणि अख्खा क्लस्टर गुदमरतो तो बहुतेक वेळा इथेच. स्क्रॅच, म्हणजे चालू जॉबच्या फाइलींची तात्पुरती जागा, सहसा लस्टर किंवा तशाच समांतर फाइल सिस्टिमवर असतो. मोठ्या फाइल अनेक सर्व्हरवर वाटून भन्नाट वेगाने लिहिणं यासाठी ती बनली आहे. पण फाइलचं नाव, परवानगी, ती कुठे ठेवली आहे, ही माहिती वेगळ्या मेटाडेटा सर्व्हरवर असते, आणि असे सर्व्हर सहसा मोजकेच असतात. तुम्ही २ टीबीची एक फाइल उघडलीत तर त्याला एक विनंती जाते. २ केबीच्या ५ लाख फाइल उघडल्यात तर ५ लाख. २०० अ‍ॅरे जॉब एकाच फोल्डरमध्ये हे करू लागले की दुसऱ्या इमारतीतल्या कुणाला तरी साधी फाइल सेव्ह करायला अर्धा मिनिट लागतो, आणि तो बिचारा समजतो नेटवर्क गेलं.

अशा फोल्डरमध्ये जाऊन ‘एलएस -एल’ मारणं म्हणजे आगीत तेल. नुसत्या ‘एलएस’ला नावं पुरतात, ‘-एल’ दिलं की प्रत्येक फाइलचा आकार विचारावा लागतो, आणि लस्टरमध्ये आकार ठाऊक असतो तो डेटा ठेवणाऱ्या सर्व्हरना. रंगीत यादी देणाऱ्या अलायसमुळे नुसता ‘एलएस’ही प्रत्येक फाइलची चौकशी करतो, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. किती जागा व्यापली हे बघायला ‘डीयू’ लावू नका, ‘एलएफएस कोटा’ क्षणात सांगतो. छोट्या फाइलींचा डेटासेट टार करून ठेवा, जॉब सुरू झाला की नोडच्या स्वतःच्या डिस्कवर उघडा, तिथेच वाचा, शेवटी फक्त निकाल परत आणा. किंवा एचडीएफ५ सारख्या एकाच फाइलमध्ये भरा. कोंडा या पॅकेज मॅनेजरचं एक एन्व्हायर्नमेंट म्हणजे सहज काही दहा हजार फाइल. प्रत्येक प्रोजेक्टला नवं करण्यापेक्षा अ‍ॅपटेनरचा कंटेनर करा, सगळं सॉफ्टवेअर बांधलेला तो गठ्ठा एका फाइलमध्ये मावतो आणि मेटाडेटा सर्व्हर आशीर्वाद देतो.

काय लिहायचं नाही, हेही ठरवा. वास्प हे मटेरियल्सच्या गणनेचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांच्या फोल्डरमध्ये वेव्हकार आणि चगकार या अवाढव्य फाइल प्रत्येक रनमागे पडलेल्या असतात, आणि पुढे कुणी त्या उघडत नाही. रीस्टार्ट किंवा चार्ज डेन्सिटी नको असेल तर इनकार (INCAR) या इनपुट फाइलमध्ये एलवेव्ह (LWAVE) आणि एलचार्ज (LCHARG) बंद करा. मॉलिक्युलर डायनॅमिक्समध्ये प्रत्येक स्टेपला ट्रॅजेक्टरी लिहिणारे लोक मी पाहिलेत. विश्लेषण करताना तेच दर हजारावी फ्रेम घेतात. बॅच जॉबमध्ये प्रोग्रेस बार चालू ठेवला की लॉग फाइलच एमबी-एमबीने फुगते.

स्क्रॅचचा बॅकअप नसतो, हे वाक्य प्रत्येक क्लस्टरच्या माहितीपत्रकात असतं आणि कुणी वाचत नाही. ठरावीक दिवस न हाताळलेल्या फाइल तिथून पुसल्या जातात. मग ‘टच’ चालवणारी स्क्रिप्ट लावून सगळ्या फाइलींच्या तारखा ताज्या करणारे महाभाग निघतात. असं करू नका, अ‍ॅडमिनला ते एका क्वेरीत दिसतं. आणि नुसत्या पुसण्याचीच भीती नसते. डिसेंबर २०२१ मध्ये क्योतो विद्यापीठाच्या सुपरकॉम्प्युटरवर बॅकअपच्याच एका सदोष स्क्रिप्टने लस्टरवरच्या सुमारे ७७ टीबी, म्हणजे ३ कोटी ४० लाखांच्या आसपास फाइल उडवल्या. १४ संशोधन गटांना फटका बसला, त्यातल्या ४ गटांचा डेटा बॅकअपमधूनही परत आला नाही. कारण ऐकण्यासारखं आहे: स्क्रिप्ट चालू असतानाच तिची नवी आवृत्ती वरून टाकली गेली. बॅश हा स्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम चालता चालता फाइल वाचतो, त्यामुळे मधूनच नवी स्क्रिप्ट वाचली गेली, काही व्हेरिएबल रिकामी राहिली आणि पुसण्याची कमांड नको तिथे फिरली. हे तुमच्याही कामाचं आहे. जॉब टाकताना स्लर्म तुमच्या बॅच स्क्रिप्टची प्रत काढून ठेवतो, पण ती स्क्रिप्ट ज्या दुसऱ्या स्क्रिप्टला बोलावते तिची नाही. रांगेत जॉब उभा असताना ती बदललीत तर जॉब बदललेलीच चालवेल. जॉबमागे वेगळं फोल्डर आणि कोडची वेगळी प्रत, ही सवय लावून घ्या. जे परत काढता येणार नाही ते त्याच आठवड्यात लॅबच्या डिस्कवर उतरवा. हे उतरवणंही फाइल कॉपी करणाऱ्या एकाच आरसिंकने, एका वेळी. आठ-आठ आरसिंक सोडून नव्हे.

क्यूत जॉब मागे पडला की लोक फेअरशेअरच्या, म्हणजे वापरानुसार प्राधान्य ठरवणाऱ्या पद्धतीच्या, नावाने बोटं मोडतात. ती शिक्षा नाही. तुम्ही अलीकडे जितकं वापरलंत तितकी प्राधान्याची पायरी खाली येते, आणि जुना वापर हळूहळू विसरला जातो. स्लर्मच्या मूळ सेटिंगमध्ये दर ७ दिवसांनी त्याचं वजन निम्मं होतं, पण संस्था ते बदलू शकते. यातून पळवाट म्हणून मित्राच्या अकाउंटवरून जॉब टाकणं हा आपल्याकडचा फार जुना रोग आहे. गाइडचं अकाउंट तर पुष्कळ लॅबमध्ये सार्वजनिक मालमत्ता असते. नियमभंग बाजूला ठेवा, धोका बघा. मे २०२० मध्ये युरोपातल्या अनेक सुपरकॉम्प्युटरमध्ये चोरलेल्या एसएसएच (दुसऱ्या यंत्रावर दुरून सुरक्षितपणे शिरण्याची सोय) लॉगिनमधून घुसखोरी झाली. ब्रिटनचा आर्चर दोनेक आठवडे बंद राहिला आणि सगळ्यांचे पासवर्ड आणि एसएसएच किल्ल्या रद्द झाल्या. एका माणसाच्या ढिलाईने शेकडो लोकांचं काम थांबू शकतं. म्हणून किल्लीला पासफ्रेज ठेवा आणि ती व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवू नका. लॅबमेटला फाइल द्यायच्या तर ग्रुप परवानगी द्या. ७७७ परवानगी म्हणजे क्लस्टरवरचा कुणीही तुमचा निकाल पुसू शकतो. आणि परवान्याचं सॉफ्टवेअर शेजारच्या लॅबला ‘जरा वापर’ म्हणून देऊ नका. वास्पचा परवाना संशोधन गटाला मिळतो, संस्थेतल्या सगळ्यांना नाही.

मदत मागताना जॉबचा नंबर, फोल्डरचा पूर्ण पत्ता, एररच्या ओळी टेक्स्टमध्ये, आणि काल चालत होतं तर तेव्हापासून काय बदललं, एवढं लिहा. स्क्रीनचा मोबाइलने काढलेला तिरपा फोटो आणि खाली ‘सर नॉट वर्किंग’, असं आलं की मीही तो मेसेज दुपारनंतरवर टाकतो. डेडलाइन असेल तर दोन आठवडे आधी सांगा. अ‍ॅडमिन ठरावीक वेळेसाठी नोड राखून ठेवणारं रिझर्व्हेशन लावून देऊ शकतो, आदल्या रात्री फोन आल्यावर मात्र चालू जॉब मारून जागा करता येत नाही. आणि क्यूमध्ये कुणाचे ३०० जॉब दिसले तर लगेच अ‍ॅडमिनकडे तक्रार नको. बहुधा तो माणूस तुमच्याच मजल्यावर बसतो. ‘तुझ्या अ‍ॅरेला मर्यादा लावतोस का, मला उद्या चार नोड हवेत’ असं म्हटलं की दहातले नऊ जण लगेच लावतात. नोड नुसताच अडलाय अशी खात्री असेल तेव्हा मात्र संकोच न करता कळवा.

पेपर निघाला की आभारात क्लस्टरचा आणि निधी देणाऱ्या मिशनचा उल्लेख करा, मजकूर सहसा संस्थेच्या माहितीपत्रकात तयार असतो. पुढच्या यंत्रासाठी पैसे मागताना संस्था हीच यादी पुढे करते.

राहिली संस्था सोडण्याची गोष्ट, जी तुम्हाला आज फार लांबची वाटेल. पोस्टडॉकला निघालेल्या माणसाचे काही टीबी तसेच मागे राहतात, त्याचं अकाउंट बंद होतं, आणि त्या फाइलींना कुणी हात लावू शकत नाही. पुसायची कुणाची हिंमत होत नाही, आणि गटाचा कोटा भरलेला तो भरलेलाच. फाइलची मालकी साध्या युजरला दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही, ते अ‍ॅडमिनच करू शकतो. म्हणून निघायच्या महिनाभर आधी फापटपसारा पुसा, उरलेल्यात कुठे काय आहे ते एका रीडमी फाइलमध्ये लिहा, आणि मालकी लॅबमधल्या कुणाच्या नावावर करायची ते गाइडला सीसीत ठेवून अ‍ॅडमिनला मेलने कळवा. तुमच्या नावावर अजून रांगेत उभे असलेले जॉबही त्याच दिवशी रद्द करा.